डावीकडचं विमान

दादाने उजव्या हाताने आपला डावा हात मनगटाशी धरला, टेबलावरून उचलला आणि मांडीवर ठेवून दिला. एसटीत शेजारच्याची पिशवी अंगावर आली की आपण ती सरकवतो, तसा.

"मगदूमसाहेब, अजून एकदा करू या," अन्सारी मॅडम म्हणाल्या. टेबलावर प्लॅस्टिकचे रंगीत पेले मांडले होते. डाव्या हाताने एक उचलायचा आणि दुसऱ्यावर ठेवायचा.

"झालं आजचं."

"अजून सुरूच कुठं केलंय आपण?"

"मग उद्या बघू."

काठी टेकत, डावा पाय किंचित ओढत तो आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं. हल्ली त्या घरात दार लोटल्याचा आवाज झाला की पद्मजावहिनी हातातलं काम थांबवायच्या. तेव्हाही स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. आतून खाट करकरली, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं.

भरतेश माझा थोरला भाऊ. इचलकरंजीत यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. चाळिशी नुकतीच ओलांडली होती आणि एका सकाळी चहाचा कप धरता धरता त्याला पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं बऱ्यापैकी आलं, डावा हात तेवढा राहिला. मी तेव्हा सांगलीला एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. आई-वडील दोघंही गेलेले. सुटी मिळाली की मी बस धरून दादाकडे यायचे.

मॅडमना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. व्यायाम शिकवायला त्या घरी येत. स्वभावाने शांत बाई, पण त्या दिवशी त्यांचाही चेहरा उतरला होता.

"पाय का सुधारला सांगू?" त्या म्हणाल्या. "चालल्याशिवाय भागत नाही म्हणून. हाताचं तसं नसतं. एका हातावर माणूस दिवस काढतो. मग मेंदू दुसऱ्या हाताला विसरून जातो. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, सुनीतीताई. ते चाललेत."

"मग काय करायचं?"

"त्यांना मनापासून आवडतं असं काहीतरी शोधा. दोन्ही हातांचं. पेल्यांत त्यांचं मन नाही."

आवडतं ते सगळं करून झालं होतं. कॅरम आणला, तो त्यानं कपाटामागे सारायला लावला. मुठीत दाबायचा रबरी चेंडू खिडकीतून बाहेर गेला. एकदा नाकारलेल्या गोष्टीकडे तो पुन्हा बघतही नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी डोकं टेकून बसले होते आणि मला एकदम त्याचं डावं कोपर आठवलं.

आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत. शाळेत असताना ऊन उतरलं की आई मला पिटाळायची, "जा, त्याला हाक मार, तिथंच असेल." तिथं म्हणजे बाजारामागच्या बोळातलं व्हिडिओ गेमचं दुकान. मुलींनी आत जायचं नसे. मी दारात उभी राहून हाका मारायचे आणि दादा मागे न बघता म्हणायचा, "आलो, आलो, एवढा पूल होऊ दे." अंधाऱ्या खोलीत चमकणारा पडदा, त्याच्यासमोर दादाची पाठ, आणि सतत इकडून तिकडे हलणारं ते डावं कोपर. उजव्या हाताने बटणं दाबायची. विमान चालवायची दांडी डाव्या हातात.

बस अंकलीच्या पुलावर होती. मला ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

लॅबमध्ये पत्त्याच्या पानाएवढे छोटे कॉम्प्युटर-बोर्ड होते, पोरं त्यावर प्रोजेक्ट करत. तसला एक माझा स्वतःचाही होता. तो टीव्हीला जोडता येतो. बाजारातून दांडी आणि बटणं मागवली. गेमचं नाव मला माहीत नव्हतं, दादा नुसतं 'पूल' म्हणायचा. पण नदीवरून जाणारं लाल विमान माझ्या डोळ्यांसमोर होतं. जुन्या गेमची चित्रं चाळत बसले आणि तो सापडला. आता राहिला होता एम्युलेटर. म्हणजे जुन्या पार्लरमधल्या यंत्राचं हुबेहूब सोंग आणणारा प्रोग्रॅम. गेमला वाटतं आपण आपल्याच जुन्या पेटीत चाललोय.

मला वाटलं होतं, एखादा प्रोग्रॅम घालायचा, झालं. पण असे बरेच निघाले आणि त्यातला कुठला घ्यायचा यावर जगभर माणसं भांडत होती. मी दोन निवडले.

पहिला सगळ्यात अचूक. जुन्या यंत्रातली एकेक चिप जशी वागायची तशीच वागवणारा. पण तेवढं ओझं माझ्या बोर्डाला पेलेना. आवाज फाटायचा, चित्र अडखळायचं, आणि दांडी डावीकडे केली की विमान क्षणभर विचार करून मग डावीकडे जायचं. दुसरा जुना आणि हलका. बोर्डावर वाऱ्यासारखा पळायचा, दांडी हलताक्षणी विमान हलायचं. तो यंत्राचं सोंग जरा वरवर आणतो, असं लोक म्हणत होते. मला काही फरक दिसला नाही. आणि त्यात गेमचा वेग कमीजास्त करायची सोय होती.

मी डाव्या हाताला क्रेप बँडेज करकचून बांधलं, बोटं वळू नयेत असं, आणि दोन्हींवर खेळून पाहिलं. अचूकवाल्यावर पहिला पूलही दिसला नाही. आधीच हात उशिरा हलणार, त्यात यंत्रानं आणखी उशीर केला तर दादाला वाटेल, हातच मेलाय. दांडी भिरकावून देईल, आणि मग संपलं. मी हलका निवडला.

वहिनींना फोन केला की त्या हळू आवाजात बोलायच्या.

"जेवला का?"

"अर्धी भाकरी."

"बोलतोय का काही?"

"नाही. वन्सं, तुम्ही कधी येणार?"

"रविवारी. तयारी होत आलीय."

"त्याच्या आधी नाही का जमणार?"

"का हो? काय झालं?"

"नाही, काही नाही. या तुम्ही."

त्या कधी कशाचा तगादा लावणाऱ्या नव्हेत. फोन ठेवल्यावर विचारायला पुन्हा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला.

शनिवारीच रजा टाकून सकाळची बस धरली.

दादा आत खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीला बोर्ड जोडला, लाकडी फळीवर बसवलेली दांडी आणि बटणं टेबलावर ठेवली, आणि गेम सुरू केला. सुरुवातीची धून वाजली.

आत खाट करकरली. दारात काठी दिसली, मग तो.

"काय गं हे?"

"बघ की."

तो कितीतरी वेळ पडद्याकडे बघत उभा राहिला. मग खुर्चीवर बसला. वहिनींनी आणि मी त्याची बोटं उलगडून दांडीवरच्या लाल गोळ्याभोवती ठेवली. तो आमच्याकडे बघत नव्हता. मी 'सुरू'चं बटण दाबलं.

विमान सरळ जाऊन काठावर आपटलं. पुन्हा. पुन्हा काठावर. हात दांडीवर नुसता पडून होता. दांडी हलायची ती दादाचा खांदा हलायचा म्हणून. त्याच्या कपाळावर घाम आला. एकदा कसंबसं विमान पहिल्या पुलाखालून गेलं आणि वहिनी "गेलं!" म्हणाल्या, तोवर ते पुढे आपटलं होतं. काही डाव तो बऱ्यापैकी लांब, एका मोडक्या पुलाच्या पुढेही गेला, पण जितका लांब जाई तितका त्याचा चेहरा घट्ट होत होता. तो ज्या गतीने हरत होता ते मला बघवेना. मी कीबोर्ड ओढला आणि वेग खाली आणला.

विमान संथ झालं. धूनही संथ झाली.

दादाने हात काढून घेतला. म्हणजे उजव्याने डावा उचलून घेतला.

"काय केलंस?"

"जरा हळू केलं. सवय होईपर्यंत."

"लहान पोरासाठी करतात तसं?"

"दादा, तसं नाही..."

"आणि हा तो गेमच नव्हे." तो आता मोठ्याने बोलत होता. "मोडक्या पुलापाशी डावीकडनं विमान येतं. सगळे तिथंच मरायचे. इथं येतच नाही! कसलं तरी खोटं आणलंयस माझ्यापुढं. ह्याला काय कळतंय आता, असंच ना?"

त्यानं फळी उजव्या हाताने ढकलली. ती जमिनीवर पडली, एक बटण निखळून सोफ्याखाली गेलं. खोलीचं दार लोटलं गेलं.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. पदर तोंडावर दाबलेला.

"रडू नका. दुसरं काहीतरी शोधू."

"वन्सं," त्या म्हणाल्या, "परवा मी दळण आणायला गेले होते. आले तर हे घरात नाहीत. गच्चीवर होते. त्या हातानं, त्या पायानं जिना चढून गेले. कठड्याला लागून उभे. मी नाव घेऊन हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा. वळले आणि म्हणाले, वारं घ्यायला आलोय."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्या बोलतच राहिल्या.

"घरात नुसता हात लुळा पडलाय म्हणून मी अशी घाबरते असं वाटतं का तुम्हाला? दार लोटलं की मी कान देऊन असते. किती दिवस देऊ?"

मी खुर्ची ओढून बसले. आता आत जाऊन त्याला काय विचारायचं? आणि विचारलं नाही तर? त्याच्या डॉक्टरांचा नंबर लावला. ते पेशंट तपासत होते, दुपारनंतर फोन करा म्हणाले. बाहेर शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते. आतून काही आवाज नव्हता. वहिनी दोनदा दाराशी जाऊन फटीतून बघून आल्या. "पडलेत. डोळे उघडे आहेत," म्हणाल्या.

मला काहीतरी हातांनी करायला हवं होतं, नाहीतर मी तिथं बसून वेडी झाले असते. सोफ्याखालून बटण काढलं, बसवलं. आणि मग त्याचं वाक्य आठवलं. डावीकडनं विमान येतं.

एवढ्या वर्षांनी त्याला ते विमान आठवत होतं. गेल्या कित्येक आठवड्यांत बोलला नव्हता एवढं तो रागाच्या भरात बोलला होता, आणि ते सगळं त्या विमानाबद्दल होतं. हलका एम्युलेटर लोक म्हणतात तसा खरंच वरवरचा होता. जुन्या यंत्रातली कुठली तरी चिप त्यानं नीट उतरवली नव्हती आणि म्हणून ते विमान कधी उगवतच नव्हतं. हाताला सोपं पडावं म्हणून मी निवडलं होतं ते, आणि त्याला ते खोटं वाटलं.

मी अचूकवाला पुन्हा चढवला. आवाज फाटला, चित्र अडखळलं. मग बोर्डावर जे जे नको ते काढत सुटले. चकचकीत मेनू काढला, चित्राची सजावट काढली, आवाजाचा दर्जा उतरवला. दांडीची वायर मधल्या जोडणीतून न नेता थेट बोर्डाच्या पिनांना लावली. तापला की बोर्ड मंदावतो, म्हणून वहिनींनी टेबलफॅन आणून त्याच्यासमोर लावला. त्यांना काही विचारायचं नव्हतं. काम मिळालं याचंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. दर वेळी मी दांडी हलवून बघायचे आणि विमान अजून किंचित मागे रेंगाळायचं. पुन्हा काहीतरी काढायचं. एकदा बोर्ड चालूच होईना, तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा केव्हातरी दांडी आणि विमान एकदम हलले.

मी वेगाला हात लावला नाही. आवाज मोठा केला आणि खेळायला बसले. कुणाला दाखवायला म्हणून नव्हे, ते विमान येतं का बघायला. आणि मला खेळता येत नव्हतं. काठ, पूल, काठ. कितीतरी प्रयत्नांनी मोडका पूल दिसला आणि डावीकडून एक काळं विमान सुसाट आलं आणि मी मेले.

"आलं!" मी ओरडले. "वहिनी, आलं!"

परत गेले. परत तिथंच मेले. परत. गोळीबाराचा एक विशिष्ट आवाज होता, त्या विमानाच्या आधी येणारा. तो आला की माझा हात गडबडायचा.

"डावीकडं घे!"

आवाज आतल्या खोलीतून आला होता. वहिनी माझ्या पाठीमागे जागच्या जागी थिजल्या.

मी मुद्दाम नाही, खरंच घाबरून उजवीकडे गेले आणि मेले.

"अगं डावीकडं! त्याच्या अंगावर जायचं असतं, पळायचं नसतं!" दार उघडलं. दादा काठी न घेता भिंतीला धरून आला होता. "उजवीकडं गेलीस की मरणारच. ऊठ. ऊठ तिथनं. तुला जमायचं नाही."

मी उठले. तो खुर्चीत टेकला. दांडीवर हात मी ठेवला की त्याचा त्यानं, हे मला आजही सांगता येत नाही. पहिल्यांदा तो आपटला, शिवी हासडली, पुन्हा सुरू केलं. सकाळसारखंच खांद्याने ओढत होता. पण आता तो हाताकडे बघत नव्हता. पडद्याकडे बघत होता, पुटपुटत होता, "आता खालनं... आता इंधन..."

मोडका पूल दिसला. तो गोळीबाराचा आवाज आला.

आणि त्याचं मनगट डावीकडे वळलं. खांदा जागचा हलला नव्हता. नुसतं मनगट, आणि गोळ्याभोवतीची बोटं पांढरी होईपर्यंत आवळलेली. लाल विमान डावीकडून आलेल्या काळ्या विमानावर चालून गेलं आणि काळं फुटलं. क्षणभरच, पुढच्या वळणावर हात पुन्हा ढिला पडला आणि डाव संपला.

वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथं वळ उठला. आम्ही दोघीही काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यानं हाताकडे बघितलं असतं.

"परत लाव," दादा म्हणाला.

तो थकेपर्यंत खेळला. ते मनगट प्रत्येक वेळी वळलं नाही. बहुतेक वेळा नाहीच वळलं. पण वळलं, आणि शेवटी शेवटी त्यालाही ते दिसलं असावं, कारण एकदा डाव संपल्यावर तो बराच वेळ दांडीवरच्या आपल्या बोटांकडे बघत राहिला. ती त्यानं उचलून मांडीवर ठेवली नाहीत.

वहिनी हसत, रडत अन्सारी मॅडमना फोन लावायला अंगणात गेल्या. खोलीत टेबलफॅनचा तेवढा आवाज. दादा पडद्याकडे बघत म्हणाला,

"पद्मजानं गच्चीचं सांगितलं तुला?"

"हो."

"वारं घ्यायला नव्हतो गेलो मी."

"माहीत आहे."

"मग दिवसभर विचारलं का नाहीस?"

"भीती वाटत होती."

"मलापण," तो म्हणाला. "वर गेलो तेव्हा नाही वाटली. खाली आल्यावर वाटायला लागली. तेव्हापासून वाटतेय. झोप लागत नाही."

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले. डॉक्टरांना दुपारनंतर करायचा फोन राहूनच गेला होता.

"दादा, डॉक्टरांना सांगू या का हे? आत्ताच?"

अंगणातून वहिनींचा आवाज येत होता. त्या मॅडमना मनगट कसं वळलं ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या.

"लाव फोन," दादा म्हणाला. "पण माझ्याकडं दे. मी बोलतो."

मी नंबर लावला आणि फोन त्याच्या उजव्या हातात दिला. पलीकडून आवाज आला तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बोलायला सुरुवात केली.